चेंडू तिसऱ्यांदा परत आलाय

पत्र : ताई, मी ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सचा (चित्रपटातल्या दृश्य-करामतींचा) कोर्स करतोय, दुसरं वर्ष चालू आहे. आमच्याकडे लेखी परीक्षा नावापुरती, बाकी सगळं प्रोजेक्टवर. आतापर्यंत उसळता चेंडू, वॉक सायकल (पात्राचं चालणं), एक ग्रीन स्क्रीनचा शॉट (हिरव्या पडद्यासमोर चित्रित करून मागचं दृश्य बदलायचं) आणि पाच जणांनी मिळून तीन मिनिटांची शॉर्ट फिल्म एवढं झालं. फिल्म पूर्ण झालीच नाही. शेवटच्या आठवड्यात रेंडर, म्हणजे संगणकाकडून शेवटची चित्रं काढून घेणं, अडकलं आणि निम्मे शॉट आम्ही रंग-उजेड न दिलेल्या करड्या मॉडेलवरच दाखवले. ग्रीन स्क्रीनच्या शॉटमध्ये मुलीच्या केसांभोवती हिरवट-काळी किनार राहिली. आणि कहर म्हणजे चेंडूचा प्रोजेक्ट सरांनी तिसऱ्यांदा परत पाठवलाय. शेरा एकच : 'वजन नाही.' माझ्याबरोबरचे काही जण ट्यूटोरियल बघून घरी स्फोट, ड्रॅगन, रोबो करतात. ते बघितलं की मला माझ्या चेंडूची लाज वाटते. सगळे म्हणतात, क्लासच्या प्रोजेक्टना बाहेर कुणी विचारत नाही, रील, म्हणजे काम मिळवायला दाखवायचा आपल्या कामाचा छोटा व्हिडिओ, स्वतः बनवावं लागतं. त्यात आता एआय आलाय. मग क्लासमध्ये पास होण्यापुरतं करून बाकी सगळा वेळ रीलला द्यावा का? आणि ॲनिमेशन धरू की व्हीएफएक्स, तेही ठरत नाहीये.

उत्तर :

तुझ्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण वाचताना मी अडकले ती चेंडूवर. तू तो 'कहर म्हणजे' म्हणून सांगितलास. मला मात्र वाटतं, या वर्षात तुझ्या हाताला लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. मी बरीच वर्षं कॉम्पोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकावर एक बसवून शॉट तयार करण्याचं काम केलं, आता शिकवते. दोन्हीकडे एकच पाहिलंय : पहिल्यांदा केलेल्या प्रोजेक्टमधून माणूस सॉफ्टवेअर शिकतो आणि परत आलेला प्रोजेक्ट पुन्हा करताना काम शिकतो. म्हणून आधी चेंडूबद्दल बोलू.

'वजन नाही' हा शेरा मोघम वाटतो, मान्य. नेमकं काय चुकलं ते सर का सांगत नाहीत, असंही तुझ्या मनात आलं असेल. पण ही चूक अगदी मोजून दाखवता येते. फाइल उघड आणि चेंडूच्या वर-खाली होण्याचा कर्व्ह ग्राफ एडिटरमध्ये (वेळेनुसार जागा दाखवणाऱ्या आलेखात) बघ. बहुधा तू तीन की, म्हणजे कुठल्या क्षणी चेंडू कुठे ते सांगणाऱ्या खुणा, लावल्या असशील : वर, जमिनीवर, पुन्हा वर. मधलं सगळं सॉफ्टवेअरवर सोडलं असशील. सॉफ्टवेअर आपणहून काय करतं, तर प्रत्येक टोकाच्या कीपाशी कर्व्ह गोल करून टाकतं. वरच्या कीला ते योग्य आहे, कारण चेंडू वर पोचताना खरंच मंदावतो, क्षणभर रेंगाळतो आणि मग खाली वळतो. जमिनीवरच्या कीला मात्र तोच गोलवा घात करतो. चेंडू जमीन जवळ आली की हळू होतो, अलगद टेकतो, अलगद सुटतो. खऱ्या चेंडूचा वेग जमिनीला लागताना सगळ्यात जास्त असतो. तिथे कर्व्हला टोक हवं, इंग्रजी व्ही अक्षरासारखं, दोन्ही बाजूंची हँडल (कर्व्हला वळण देणाऱ्या दांड्या) एकमेकांपासून तोडून. तू चेंडूच्या आकाराचा फुगा केला आहेस, आणि सर तेच सांगताहेत.

आता वरून खाली येण्याचा वेग. सोडून दिलेली वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७ अशा वाढत्या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं. ते तुझ्या टाइमलाइनवर आणून बघ. समज, चेंडू १२ फ्रेममध्ये, म्हणजे एकापाठोपाठच्या १२ चित्रांत, खाली येतोय. त्या १२ फ्रेमचे तीन-तीनचे चार गट कर आणि उंचीचे १६ सारखे भाग पाड. पहिल्या तीन फ्रेममध्ये चेंडू फक्त १ भाग उतरला पाहिजे, पुढच्या तीनमध्ये ३, मग ५ आणि शेवटच्या तीन फ्रेममध्ये तब्बल ७. म्हणजे निम्मा वेळ संपतो तेव्हा चेंडू जेमतेम पाव उंची उतरलेला असतो. हे डोळ्यांनी पटवून घ्यायचं असेल तर मॉनिटरवर पारदर्शक प्लास्टिक चिकटव आणि एकेक फ्रेम पुढे जात चेंडूच्या मध्यावर मार्करने टिंब देत जा. टिंबं वर दाटीवाटीने आणि खाली लांब लांब आली पाहिजेत. तुझ्या आत्ताच्या फाइलवर हे कर. टिंबं वर दाट, मध्ये विरळ आणि खाली पुन्हा दाट पडलेली दिसतील. त्या खालच्या दाटीतच सगळं वजन हरवलंय.

एवढ्यावर थांबू नकोस, कारण अजून एक चूक लपलेली असू शकते आणि ती कर्व्ह बरोबर असूनही राहते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर सोडलेली वस्तू ६ फ्रेममध्ये साधारण ३० सेंटिमीटर पडते, १२ फ्रेममध्ये सव्वा मीटरच्या आसपास आणि २४ फ्रेममध्ये ४.९ मीटर. पाऊण मीटर उंच टेबलावरून घरंगळलेला चेंडू नऊ-साडेनऊ फ्रेममध्ये जमिनीवर असतो. तू त्याला २० फ्रेम दिल्यास, तर तेवढ्या वेळात खरा चेंडू ३.४ मीटर पडतो. बघणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, पण त्याने आयुष्यभर वस्तू पडताना पाहिलेल्या असतात. त्याला एवढंच जाणवतं की काहीतरी खोटं आहे. एक तर टेबल राक्षसी आहे किंवा चेंडू पोकळ आहे. व्हीएफएक्सवाल्यांनी हेच गणित उलट्या बाजूने वापरलं. १६ पट लहान बांधलेली इमारत कोसळताना चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला ९६ फ्रेमने चित्रित करायची आणि २४ ने दाखवायची. ढिगारा सावकाश खाली येतो आणि डोळा त्याला मोठा मानतो. तुझा चेंडू आणि ती कोसळणारी इमारत, दोन्हीकडे एकच गोष्ट कामाला लागलेली असते. म्हणून चेंडूला पहिल्या सत्राचं बालकाम समजू नकोस.

अजून एक, कारण हे मी दरवर्षी पाहते. 'वजन नाही' असा शेरा आला की मुलं जमिनीला लागताना चेंडू आणखी चपटा करतात. चपटेपणा चेंडू कशाचा बनलाय ते सांगतो, किती जड आहे ते सांगत नाही. लोखंडी गोळा आणि टेबल टेनिसचा चेंडू, दोन्ही डोळ्यांना दिसेल इतके चपटे होत नाहीत, तरी दोघांत घोटाळा होत नाही. गोळा एकदाच किंचित उसळतो, थबकतो आणि घरंगळायला लागतो. दुसरा उसळतच राहतो, प्रत्येक उसळी आधीपेक्षा बुटकी आणि आधीपेक्षा लवकर आटपणारी. उंची पाव झाली की उसळीला लागणारा वेळ निम्मा होतो, हे पक्कं लक्षात ठेव. पुष्कळांच्या कामात उसळी बुटकी होते पण वेळ तेवढाच राहतो, आणि शेवटी शेवटी चेंडू पाण्याखाली असल्यासारखा दिसतो.

तीन वेळा परत आलं म्हणून तू खचलास. स्टुडिओत रोज शॉट दाखवतात, त्याला डेलीज म्हणतात. तिथे पडद्यावर शॉट लागतो, शेरे लिहून घेतले जातात, दुसऱ्या दिवशी पुढची आवृत्ती येते. फाइलच्या नावात व्ही ०३, व्ही ११, व्ही २४ असे आकडे चढत जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तिसरी आवृत्ती ही सुरुवात आहे. फक्त एक सवय लावून घे. शेरा मिळाला की "सर, कुठल्या फ्रेमला खटकतंय?" एवढं विचार. चिडून नाही, कागद-पेन घेऊन. चांगला शिक्षक लगेच टाइमलाइन सरकवून एका जागी थांबतो. सरांनाही नेमकं बोट ठेवता आलं नाही, तर दोघं मिळून एकेक फ्रेम बघा. त्या दहा मिनिटांत जे कळतं ते ट्यूटोरियलमध्ये कळत नाही, कारण ट्यूटोरियल करणाऱ्याने तुझी फाइल पाहिलेली नसते.

आता केसांच्या किनारीकडे येते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. तू 'हिरवट-काळी किनार' असं एकत्र लिहिलंस. ते दोन वेगळे आजार आहेत आणि एका औषधाने बरे होत नाहीत.

हिरवटपणा आला तो स्पिलमुळे. पडद्यावर आदळलेला हिरवा उजेड मुलीच्या केसांवर, खांद्यांवर परत पडतो. ती पडद्याला खेटून उभी असेल तर जास्तच. दोन-तीन मीटर पुढे उभी केली आणि पडद्याला तिच्यापासून वेगळा, सगळीकडे सारखा उजेड दिला, तर निम्मं काम शूटिंगच्या वेळीच होतं. उरलेल्यासाठी डिस्पिल, म्हणजे तो हिरवा सॉफ्टवेअरमध्ये काढून घेणं. पण हिरवा काढून घेतला की त्या पिक्सेलमधला तेवढा उजेडही जातो. म्हणून किनार हिरवट होती ती आता करडी, मळकट दिसते. काढलेला उजेड मागच्या नव्या दृश्याच्या रंगात थोडा परत द्यावा लागतो. घराबाहेर उन्हात उभ्या माणसाच्या केसांवर मागच्या आभाळाचा उजेड दिसतोच ना, तसं.

काळेपणाचं कारण बहुतेक वेळा अल्फात, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणाऱ्या आकड्यात असतं. केसांच्या कडेचे पिक्सेल अर्धे पारदर्शक असतात. प्रीमल्टिप्लाय झालेल्या चित्रात त्यांचा रंग अल्फाने एकदा गुणलेला असतो. कुठेतरी नोड (कामाचा एक टप्पा) चुकीच्या जागी लागतो आणि तो पुन्हा गुणला जातो. अल्फा ०.५ असलेल्या पिक्सेलला निम्मा रंग मिळायला हवा होता, त्याला मिळतो पाव. अशा हजारो पिक्सेलची मिळून काळी रेघ तयार होते. रंगदुरुस्ती करायची असेल तर आधी अनप्रीमल्टिप्लाय (अल्फाने भागून मूळ रंग परत आणणं), मग दुरुस्ती, मग पुन्हा प्रीमल्टिप्लाय. हा क्रम तुला पाठ असेलही. तो का आहे, ते या पाव-निम्म्याच्या हिशोबातून एकदा स्वतः काढून बघ. कागदावर, आकडे घालून. मग आयुष्यात विसरणार नाहीस. एका चित्रावर दुसरं ठेवण्याचं हे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या दोघांनी १९८४ मध्ये नीट मांडलं. तू आज जे सॉफ्टवेअर वापरतोस त्यात तेच चालतं, उद्या दुसरं वापरशील त्यातही तेच चालेल.

आणखी एक शक्यता तपास : शूटिंग फोनवर केलंत का? बहुतेक फोन व्हिडिओ साठवताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र चार पिक्सेलमागे एकच. डोळ्याला फरक कळत नाही. पण ग्रीन स्क्रीनची की, म्हणजे हिरवा ओळखून तो काढून टाकणं, रंगावरच चालते, तिला तो चौकोनी दातेरीपणा लगेच लागतो. मग तू कडा मऊ करत बसतोस, केस नाहीसे होतात, आणि शेवटी मुलीने टोपी घातल्यासारखं दिसतं. अशा वेळी एकाच कीने सगळं उचलायचा हट्ट सोड. चेहरा-शरीरासाठी एक घट्ट मॅट (काय ठेवायचं, काय काढायचं ते सांगणारं काळं-पांढरं चित्र), केसांच्या कडेसाठी दुसरी सैल की, आणि पडद्याचा कोपरा, स्टँड वगैरे बाहेर टाकायला हाताने काढलेली ढोबळ मॅट. तिन्ही जोड. केसांची एखादी बट हाताने रोटो करावी, म्हणजे एकेक फ्रेममध्ये आखून काढावी लागली तर कर.

शॉट झाला असं वाटलं की सादर करण्याआधी दोन गोष्टी कर, दोन मिनिटांचं काम आहे. व्ह्यूअरचा गॅमा, म्हणजे बघताना गडद भागांना मिळणारा उजेड, खूप वर चढव. वर ठेवलेल्या मुलीचा काळा आणि मागच्या दृश्याचा काळा सारखा उजळतो का बघ. तिचे काळे केस दाट काळेच राहिले आणि मागची सावली करडी झाली, तर ती मुलगी त्या जागेत नाही, वरून चिकटवलेली आहे. मग लाल, हिरवा, निळा चॅनल एकेक करून बघ. निळ्यात ग्रेन (चित्रातला बारीक दाणेदारपणा) सहसा सगळ्यात जास्त असते. मागे ग्रेन सळसळतेय आणि मुलगी गुळगुळीत, असं असेल तर तिथेच पकडलं जाईल. मी सुरुवातीला फक्त रंगीत चित्र बघून 'झालं' म्हणायची. पहिल्याच नोकरीत माझ्या शॉटचा निळा चॅनल सगळ्यांसमोर पडद्यावर लावला गेला. माझा ठेवलेला दिवा तिथे कागदाच्या कापलेल्या तुकड्यासारखा दिसत होता. त्यानंतर तिन्ही चॅनल न बघता मी एकही शॉट पुढे दिला नाही.

वॉक सायकलबद्दल तू काही तक्रार केली नाहीस, म्हणून लांबवत नाही. पाय जमिनीवर घसरत नाहीत ना आणि शरीर प्रत्येक पावलाला खाली दबतं ना, एवढं तपास.

तीन मिनिटांच्या फिल्मचं काय झालं, ते तुम्ही पाच जण एकमेकांना दोष देण्याआधी आकड्यात बघा. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, म्हणजे ४,३२० फ्रेम. एका फ्रेमला सहा मिनिटं रेंडर लागतं असं धरलं, आणि केस, धूर, काच असेल तर सहा मिनिटं कमीच, तर एका मशीनला ४३२ तास लागतात. अठरा दिवस, रात्रंदिवस, एकही चूक न होता. पाच मशीन असतील तरी साडेतीन दिवसांहून जास्त, आणि चूक होतेच. रेंडर शेवटच्या आठवड्यात अडकलं असं तू लिहितोस, पण ते पहिल्या आठवड्यातच अडकलेलं होतं, 'तीन मिनिटं' ठरवलं त्या दिवशी. तीच फिल्म वीस सेकंदांची केली असती तर ४८० फ्रेम, ४८ तास. एक शनिवार-रविवार.

आणि हे नुसतं रेंडरचं झालं. मोठ्या चित्रपटांवर काम करणारे मुरलेले ॲनिमेटर आठवडाभरात मोजके सेकंद पुढे सरकतात. त्यांच्याकडे रिग (पात्र हलवायचा सांगाडा) दुसरं कुणी करतं, लाइट दुसरं कुणी. तुम्ही पाच जण मॉडेलपासून आवाजापर्यंत सगळं करत होता. तुम्हाला जमलं नाही याचा अर्थ तुम्ही कच्चे आहात असा नाही, पसारा मोठा होता. पुढच्या ग्रुप प्रोजेक्टला ॲनिमॅटिक (कच्च्या चित्रांची वेळेत बसवलेली फिल्म) झालं की सगळे बसा आणि कुठला शॉट काढला तरी गोष्ट समजते ते विचारा. काढता येतो तो शॉट काढा, कितीही आवडता असला तरी. मग जो शॉट सगळ्यात अवघड वाटतो, त्याची एकच फ्रेम पहिल्या पंधरवड्यात शेवटपर्यंत न्या : मॉडेल, लाइट, रेंडर, कॉम्प (कॉम्पोझिटिंग), सगळं. तिला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा आणि फ्रेमच्या संख्येने गुणा. जो आकडा येईल त्याला घाबरायचं ते तेव्हाच, महिनाभर हातात असताना.

रेंडर कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका. एकेक फ्रेमची वेगळी प्रतिमा काढा. १८७ व्या फ्रेमला मशीन बंद पडलं तर १८७ पासून पुन्हा सुरू करता येतं. व्हिडिओ फाइल असेल तर बहुतेक वेळा सगळंच पहिल्यापासून. शॉटना ०१०, ०२०, ०३० असे दहा-दहाच्या अंतराने आकडे द्या, मध्ये एखादा शॉट आला तर त्याला ०१५ म्हणता येतं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशी नावं पाच जणांच्या ग्रुपमध्ये किती नुकसान करतात ते तुम्ही बहुधा पाहिलं असेल. कुणाचं तरी दोन दिवसांचं काम जुन्या फाइलवर झालेलं असतं आणि ते सादर करायच्या रात्री कळतं.

आता तुझा मुख्य प्रश्न. क्लासच्या प्रोजेक्टना बाहेर कुणी विचारत नाही, हे खरं का? १९७२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एड कॅटमल नावाचा विद्यार्थी शिकत होता. वर्गातल्या प्रोजेक्टसाठी त्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर शाईने सुमारे ३५० त्रिकोण आणि बहुकोन आखले, त्यांचे कोपरे मोजून संगणकात भरले आणि फ्रेड पार्क या सहाध्यायीबरोबर तो हात पडद्यावर हलवून दाखवला. बोटं मिटतात, उघडतात, कॅमेरा हाताभोवती आणि शेवटी हाताच्या आत जातो. जेमतेम मिनिटभराचं काम. कॅटमलने पुढे पिक्सार हा ॲनिमेशन स्टुडिओ उभारण्यात भाग घेतला आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्या प्रोजेक्टला जागा मिळाली. तुझ्या चेंडूचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. मला त्यातली निवड महत्त्वाची वाटते. त्याने अख्खा माणूस घेतला नाही. एक हात घेतला, आणि तो पुरा केला.

तुझ्या मित्रांच्या ड्रॅगनबद्दल माझ्या मनात अढी नाही. घरी करून बघताहेत हे चांगलंच आहे. पण रील बघणारा माणूस ट्यूटोरियल ओळखतो. तोच स्फोट, तोच कॅमेरा, तोच धूर त्याने अनेक रीलमध्ये पाहिलेला असतो. त्याला कळत नाही ते एवढंच, की हा मुलगा ट्यूटोरियलमध्ये नसलेली अडचण आली तर काय करेल. त्याचं उत्तर परत आलेल्या, सुधारलेल्या प्रोजेक्टमध्ये असतं. म्हणून रील आणि क्लास असे दोन कप्पे करू नकोस. क्लासचाच शॉट घे, मार्क मिळाल्यावर पुन्हा उघड आणि सगळे शेरे उतरवून काढ. मार्क मिळाले की फाइल बंद, ही सवय तेवढी सोड. ग्रीन स्क्रीनचा शॉट नीट झाला तर तो रीलमध्ये ठेव, आणि त्याच्या पाठोपाठ मूळ शॉट, मॅट, डिस्पिल, शेवटचं चित्र असे टप्पे चार-पाच सेकंदांत दाखव. रील मिनिटभराचं पुरे, सगळ्यात चांगला शॉट सुरुवातीला. ग्रुपच्या फिल्ममधला शॉट घेतलास तर त्यात तू काय केलंस ते तिथेच लिही : 'फक्त लाइट आणि कॉम्प', एवढं पुरेसं आहे. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर गेलेलं या क्षेत्रात लपत नाही आणि लोक ते फार काळ लक्षात ठेवतात.

एआयबद्दल मी भविष्य सांगणार नाही. रोटोसारखी कष्टाची कामं यंत्रं बऱ्याच प्रमाणात करायला लागली आहेत, हे दिसतंच आहे. काही कामं जातील, त्याची भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण यंत्राने दिलेला शॉट समोर आल्यावर 'पायाखालची सावली चुकीच्या बाजूला आहे' किंवा 'हा माणूस उडी मारायच्या आधी दबलाच नाही' हे कुणाला तरी दिसावं लागतं, आणि ते फ्रेमवर बोट ठेवून सांगावं लागतं. ती नजर तुझ्यात तयार होतेय की नाही, याची तू आत्ता काळजी करावीस असं मला वाटतं. ती नुसतं बघून येत नाही, हाताने चूक करून ती दुरुस्त केल्यावर येते.

ॲनिमेशन की व्हीएफएक्स, याचं उत्तर आज द्यायलाच हवं असं नाही. एक करून बघ. सहाध्यायींचे प्रोजेक्ट लागतात तेव्हा तुला आधी काय खटकतं ते आठ-दहा वेळा वहीत लिहून ठेव. 'हात उचलायच्या आधी खांदा हलला नाही', 'डोकं आणि धड एकदम थांबलं', अशा ओळी जास्त आल्या तर तुझा डोळा हालचालीकडे जातो. 'कडा कठीण', 'उजेड दोन दिशांनी', 'सावली फार निळी', असं येत असेल तर कॉम्पोझिटिंग किंवा लाइटिंग. आवड काय आहे असं स्वतःला विचारलं की आपण आवडत्या चित्रपटाचं नाव सांगतो. आपल्याला काय खटकतं ते जास्त खरं असतं.

आणि रात्र रात्र जागून कर्व्ह ओढू नकोस. झोप नसलेल्या डोळ्याला दोन फ्रेमचा फरक दिसत नाही. सकाळी उठून बघितलं की दिसतो.

आता या आठवड्याचं काम सांगते. ड्रॅगन नाही, रील नाही. जुनी चेंडूची फाइल बाजूला ठेव, नवी उघड. सारख्या आकाराचे, सारख्या करड्या रंगाचे दोन चेंडू घे. टेक्श्चर नाही, आवाज नाही, चपटेपणा नाही. दोन्ही एकाच उंचीवरून सोड, एकूण चार सेकंद, ९६ फ्रेम. एक लोखंडाचा वाटला पाहिजे, दुसरा टेबल टेनिसचा. जमिनीवरच्या प्रत्येक कीला टोक आहे ना, उसळी बुटकी होताना तिचा वेळही आखडतो ना, ते मॉनिटरवर टिंबं देऊन तपास. मग सरांकडे ने. दाखवताना कुठला कोणता ते सांगू नकोस, त्यांनाच विचार.